अन्नपूर्णेच्या फ्रिजातली शिशी

नलूला सातवा लागला होता, कापसाचा शेवटचा वेचा अंगावर होता आणि नेमकं त्याच वेळी सेवाग्रामच्या दवाखान्यातून बोलावणं आलं.

तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्या साली पोटुशा बायांचं रक्त तपासायचं काम काढलं होतं. आंजीहून, नलूच्या सासरच्या गावाहून, गेलेल्या बायांचं काचेच्या नळीत थोडं थोडं रक्त घेतलं, लाल गोळ्या दिल्या आणि वाटेला लावलं. पुन्हा या म्हणून निरोप आला तो एकट्या नलूला. तिचा नवरा चंद्रभान कापसाचं बोचकं अर्धं बांधलेलं तसंच टाकून तिच्यासोबत निघाला. अख्ख्या वाटेनं तो एसटीच्या खिडकीतून लोकांचे कापूस पाहत होता.

"तुझ्या रक्तात काविळीचे जंतू आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नलूनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेले होते, पण पिवळे नव्हते. "मी त पिवळी नाई दिसत, बाई."

"दिसणार नाहीस. तुला त्रास नाही, आजार नाही. जंतू नुसते राहून आहेत तुझ्यात. काळजी आहे ती बाळाची." मग त्यांनी चंद्रभानकडे पाहून सांगायला सुरुवात केली. मोठ्या माणसाच्या अंगात हे जंतू शिरले तर बहुतेक वेळा महिना-दीड महिना कावीळ होते आणि शरीर त्यांना हाकलून देतं. चार-पाच वर्षांच्या पोराच्या अंगात शिरले तर काहींच्यात राहतात, काहींच्यातून जातात. पण जन्मताना आईकडून बाळात शिरले, तर दहातल्या नऊ बाळांत ठाण मांडून बसतात. दिसत काही नाही. बाळ खातं, पितं, खेळतं, मोठं होतं, लग्न होतं त्याचं, आणि ऐन उमेदीत कधीतरी पोटात पाणी भरायला लागतं.

"म्हणून जितकं वय कोवळं, तितकी लस आधी," बाई म्हणाल्या. "बाळ बाहेर आलं की त्याच दिवशी पहिली सुई. जमलं तर बारा तासांच्या आत. दुसरी महिन्यानं, तिसरी सहा महिन्यांनी. पहिली चुकली तर पुढच्या दोन्हींवर भरवसा नाही."

"मले बी लागन काय?" चंद्रभाननं विचारलं.

"तुमचं रक्त तपासू. पण तुमची घाई नाही. घाई बाळाची."

त्याला रक्त द्यायला आत नेलं, तेव्हा बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "तुझी आई आहे ना? तिलाही एकदा घेऊन ये. बहुतेक हे तुझ्यात तिच्याकडूनच आलं असणार, तू जन्मलीस तेव्हा. तिला ठाऊकही नसेल. भावंडं असतील तर त्यांचंही तपासू."

नलूनं मान हलवली. पण मायला आणायचं नाही हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. बाप गेल्यापासून माय भावाच्या घरात होती, सुनेच्या हाताखाली. त्यात हिच्या अंगात रोग आहे असं निघालं, तर तिची काय दशा व्हायची? ही गोष्ट तिनं चंद्रभानलासुद्धा सांगितली नाही. पदराला गाठ मारावी तशी मनात बांधून ठेवली.

चंद्रभानच्या रक्तात जंतू नव्हते, त्यांच्याशी लढल्याची खूण तेवढी होती. बाई म्हणाल्या, तुम्हाला कधीतरी होऊन गेलं, तुम्ही पचवलं. तो घरी येऊन बापाला म्हणाला, "बावा, मले रोग झालता म्हंते अन् मले मालूमच नाई." म्हातारे नत्थूजी हसले. त्या दिवशी घरात तेवढंच हसणं झालं.

लस वर्ध्यात मिळत नव्हती. नागपूरला एका मोठ्या औषधाच्या दुकानात परदेशची येत होती आणि तिची किंमत ऐकून चंद्रभानला घाम फुटला होता. कापूस घरात होता, पण त्याचे पैसे हाती यायला अवकाश होता. नत्थूजी रात्रभर खोकत पडले होते. सकाळी उठून त्यांनी गोठ्यातली कालवड सोडली. ही कालवड नलूच्या बापानं तिच्या लग्नात आंदण दिली होती. आता ती पहिल्या वेताची गाभण होती. त्यांनी तिच्या कपाळाला हळद लावली आणि स्वतः दोरी धरून बाजाराला निघाले.

"मामाजी, ते माह्या बापाची निशानी व्हय," नलू सासऱ्यांना म्हणाली.

"मालूम हाय मले. तुह्या बापाची कालवड तुह्या बापाच्या नातवाच्याच कामी येऊन राह्यली. दुसऱ्याच्या घरी थोडीच चालली?" म्हातारे म्हणाले आणि कालवडीच्या पाठीवर हात मारला.

दुकानात एकच शिशी होती. बाकीच्या दोन मागवाव्या लागतील म्हणाले. चंद्रभाननं ती एक घेतली. अंगठ्याएवढी काचेची शिशी, वर रबरी बूच, त्यावर पत्र्याची टिकली, आणि बाहेरून पुठ्ठ्याची डबी. गार ठेवा पण गोठू देऊ नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. त्यानं ती बर्फाच्या थर्मासात घालून बाळासारखी छातीशी धरून आणली.

आता ठेवायची कुठं? डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, माझ्याकडे आणून द्या, नाव लिहून वॉर्डाच्या फ्रिजात ठेवते. नलूलाच ते पटलं नाही. दवाखान्यात शंभर माणसं, शंभर शिश्या. बाई आज आहे, उद्या बदली होऊन जाईल. परक्याच्या हवाली करण्यापेक्षा आपलं माणूस बरं. आणि आपल्या माणसाकडे फ्रिज होता.

नलूचा थोरला भाऊ वासुदेवराव बोरगावला राहायचा. दोन एकर वावर आणि वर्ध्यात पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं तेव्हा सासरकडून फ्रिज आला होता. सगळं बोरगाव पाहायला लोटलं होतं. तो फ्रिज स्वयंपाकघरात ठेवायची अन्नपूर्णेची, म्हणजे वासुदेवच्या बायकोची, तयारी नव्हती. तो बैठकीत होता, डोक्यावर भरतकामाचा रुमाल आणि त्यावर प्लास्टिकचा मोर. त्यात पाण्याच्या बाटल्या, थोडं दूध आणि पाहुण्यासाठी बर्फ एवढंच असायचं. नलूचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरीच व्हायचं होतं. सेवाग्रामही तिथून जवळ. सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटत होतं.

"ठेव न, विचारते काय," वासुदेव म्हणाला. "तुह्याच भावाचं घर हाय." आणि त्यानं आपल्या हातानं डबी फ्रिजाच्या दारातल्या कप्प्यात ठेवली.

शेवटचा वेचा नलूनं पुरा केला. पुढं पोट, पोटाखाली कापसाची ओटी, अशी ती तासातासानं, ओळीओळीनं चालली. संध्याकाळी कंबर सरळ व्हायची नाही, तेव्हा वावराच्या कडेच्या धुऱ्यावरच्या बाभळीला पाठ लावून उभी राहायची. मग संक्रांत झाली आणि चंद्रभाननं तिला बोरगावला नेऊन सोडलं.

माहेरी म्हणजे लेकीनं आराम करावा असं म्हणतात. म्हणणारे म्हणोत. बोरगावच्या वावरातली तूर कापून अंगणात पडली होती. नलू आणि माय दोघी समोरासमोर बसून काठ्यांनी पेंढ्या बडवायच्या, सुपानं पाखडायच्या. तुरीचा भुसा मानेत, कानात, छातीत जाऊन खाज सुटायची. काम नलूला जड नव्हतं. जड गेलं ते दुसऱ्याच दिवशी पाण्याचा गिलास हातात घेतल्यावर. गिलासाच्या बुडाशी लाल नेलपालिशचा ठिपका होता. ताटाच्या मागेही तसाच ठिपका. वाटीलाही.

"मिसळू नाई म्हनून," अन्नपूर्णा म्हणाली. "राग नोका मानू, नलूबाई. लेकरू हाय घरात."

"डॉक्टरीनबाई म्हने, एका ताटात जेवल्यानं होत नाई, वहिनी. रक्तातून होते, जन्मताना होते."

"त्याहिचं काय जाते म्हनाले?"

नलूनं मायकडे पाहिलं. माय खाली मान घालून तुरीतले खडे निवडत होती. नलूनं ठिपक्याचा गिलास तोंडाला लावला आणि पाणी प्यायली. तहान लागलीच होती.

ते लेकरू म्हणजे अन्नपूर्णेचं गुड्डू, दहा महिन्यांचं, गालाचे फुगे, खालचे दोन दात आलेले. रांगत रांगत नलूपाशी यायचं आणि तिच्या बांगड्या धरून उभं राहायला बघायचं. ते आलं की अन्नपूर्णा हातातलं काम टाकून यायची, त्याला उचलायची आणि मायच्या मांडीत नेऊन ठेवायची. "आजीजवळ बस, बाबू," म्हणायची. रोज असं व्हायचं. नलूनं मग लेकरू येताना दिसलं की स्वतःच उठून दुसरीकडं बसायची सवय लावून घेतली.

एक मात्र तिचं चालू होतं. सकाळी अंघोळ झाली की ती बैठकीत जायची, फ्रिजाचं दार उघडायची आणि कप्प्यातली डबी पाहायची. हात लावायची नाही, आपल्या हाताची ऊब लागेल म्हणून. नुसती पाहायची. देवाला नमस्कार करून यावं तशी पाहून यायची. पोटात लाथ बसली की म्हणायची, हाय तुही शिशी, हाय.

आठव्यात एके दिवशी अन्नपूर्णा गुड्डूला घेऊन वासुदेवबरोबर गावात गेली. दुपारी परत आली तेव्हा गुड्डू रडून रडून झोपलेलं. मायनं तव्यावर फडकं गरम केलं आणि त्याच्या मांडीला शेक द्यायला बसली. मांडीवर सुपारीएवढी गाठ आली होती.

"काय झालं वो मा याले?"

"सरकारी डोस देल्ला," माय म्हणाली आणि शेकतच राहिली.

आणि काय नवल! दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णेनं स्वतः होऊन गुड्डूला नलूच्या मांडीत आणून ठेवलं. "घ्या, नलूबाई. तुमच्याचपाशी यायले पाह्यते सारखं." नलूला भरून आलं. तिनं लेकराला पोटाशी धरलं. त्याच्या टाळूला खोबरेल तेलाचा वास येत होता. गिलासाच्या ठिपक्याचं सगळं दुःख तिनं त्या दिवशी सोडून दिलं. वहिनी मनानं वाईट नाही, तरणी आई आहे, घाबरली होती, एवढंच. पुढच्या मंगळवारी चंद्रभान भेटायला आला, तेव्हा नलूनं त्याला हे सांगितलं. तोही खूश झाला आणि गुड्डूला जत्रेतला खुळखुळा आणायचं कबूल करून गेला.

सकाळी डबी पाहणं चालूच होतं. एकदा माय म्हणाली, "सारखी सारखी उघडू नोको, बापा. काय पाह्यते थे? पळून थोडी जाते." नलू हसली होती.

होळीच्या दिवशी कळा लागल्या. ऑटो आला. मायनं कपड्यांची पिशवी घेतली. चंद्रभान आदल्याच संध्याकाळी येऊन राहिला होता. त्यानं फ्रिजातून डबी काढून बर्फाच्या थर्मासात घातली. वासुदेव कचेरीत गेला होता. अन्नपूर्णा दारात उभी होती. ती थर्मासाकडे पाहत होती, हे नलूला त्या कळांमध्येही दिसलं.

दुपार कलताना मुलगी झाली. सावळी, डोक्यावर दाट जावळ, आणि आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, वकील होईल. नलूला घाम पुसायचं भान नव्हतं. ती सारखी एकच म्हणत होती, "शिशी द्या, सिस्टरले शिशी द्या."

सिस्टरनं डबी उघडली. शिशी बाहेर काढून उजेडात धरली, हलवली, मग बोटानं बूच चाचपलं. "ही तर वापरलेली आहे," ती म्हणाली. "टिकली काढलेली आहे. बुचाला सुईचं भोक आहे. आत काही नाही."

चंद्रभान म्हणाला, "काय?" शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "काय झालं?" झाडूवाली काम थांबवून म्हणाली, "फुटली काय?" नलू कोपरांवर उठली आणि तिनं मायकडे पाहिलं.

मायनं काहीच विचारलं नव्हतं. ती नातीच्या दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत होती.

सगळं मग आपोआप जागच्या जागी बसलं. मांडीवरची गाठ, तव्यावरचा शेक, मांडीत आणून ठेवलेलं गुड्डू. लेकराला नलूची बाधा होणार नाही याची तजवीज झाली, तेव्हा ते तिच्या मांडीत आलं. तिच्याच बाळाच्या औषधानं तजवीज झाली. आणि ती वहिनीचे उपकार मानत बसली होती, रोज सकाळी रिकाम्या डबीचं दर्शन घेत होती. तिला लाज वाटली. कापणाऱ्याची नाही, आपली मान एवढ्या विश्वासानं पुढं केल्याची. केसानं गळा कापतात म्हणतात, ते हेच.

"मा," ती म्हणाली, "तुले मालूम होतं?"

मायनं दुपटं खाटेवर ठेवलं. मग उठून नळावर पाणी आणायला गेली, ती फार वेळ आलीच नाही.

चंद्रभान तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी नागपूरला गेला. दुकान होळीसाठी बंद. दुसऱ्या दिवशी धुळवड. रंगानं माखलेल्या माणसांच्या गावात तो पांढरा सदरा घालून दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. दुकान उघडलं तर शिशी नाही. मग कुणीतरी दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगितलं, त्यांनी तिसऱ्याचं. तो परत आला तेव्हा मुलगी पाच दिवसांची झाली होती. आल्या आल्या तिला सुई दिली. ती रडली, आणि नलूही रडली.

"उपयोग होईल न, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. "पहिल्या दिवशी दिली असती तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आता पुढच्या दोन वेळेवर देऊ. वर्षानं तिचं रक्त तपासू. तोवर वाट पाहायची." त्या जरा थांबल्या. "ते दुसरं मूल केवढं होतं, ज्याला दिली?"

"दहा महिन्याचं."

"त्याला दिली हे चूक नाही. पण त्याला महिना-दोन महिने थांबता आलं असतं. तुझ्या बाळाला थांबता येणार नव्हतं."

पुढच्या दोन शिश्या आल्या की कुठं ठेवायच्या, हे आता नलूला विचारावं लागलं नाही. "तुमच्यापाशीच ठेवा, बाई," ती म्हणाली. "नाव लिहा माह्या पोरीचं." दुधानं तोंड पोळलं होतं.

सव्वा महिना माहेरी राहायची रीत. दवाखान्यातून सुटली तेव्हा नलू ऑटोवाल्याला म्हणाली, बोरगाववरून घे, पण उभा राह्य, लगेच निघायचं आहे. तिची पेटी तिथं होती. चंद्रभान खाली उतरला नाही. "मी थे पायरी नाई चढत," तो म्हणाला. "चढलो त काही बोलून जाईन."

सगळे घरातच होते. रविवार होता. फ्रिजावर प्लास्टिकचा मोर होता. माय खाली बसून गुड्डूला मांडीत घेऊन वरणभात भरवत होती. नलूच्या कुशीत मुलगी पाहून ती उठू लागली. "आली? आंघोळीचं पानी ठेवतो. शेकशेगडी सारी तयार हाय."

"मी पेटी न्यायले आली, मा."

वासुदेव पेपर वाचत होता, त्यानं तो बाजूला ठेवला. "बस त खरं. उभ्या उभ्या कायले?" नलू बसली नाही. मग त्याला बोलावंच लागलं. "हे पाय नलू, मी चोरी नाई केली. दुसरी आनून ठेवनार होतो तुह्या तारखेच्या आत. दोन खेपा झाल्या नागपूरच्या. आलीच नाई शिशी, त मी काय करू?"

"मले सांगाचं होतं, दादा. टिकली काढून डबी परत ठेवून देल्ली तू. मी रोज पाहो तिले."

"सांगतलं असतं त तू रडली असती." त्याचा आवाज चढला. "तूच सांग. तुहं तं जनमलं बी नोतं. माहं डोळ्यासमोर होतं, रोज तुह्याकडे रांगत जाय. जनमलं नाई त्याचं औषध फ्रिजात राखून ठेवू अन् जनमलं त्याले मरू देऊ? कोनता बाप असं करते? हातचं सोडून पळत्याच्या मागं लागाचं काय?"

"मरत नोतं तुहं लेकरू. डॉक्टरीन म्हने, त्याले थांबता येत होतं. माह्या पोरीले एकच दिवस होता, दादा. तोच तू घेतला." तिनं कुशीतली मुलगी सावरून घेतली. "बापाची कालवड विकली मी त्याच्यासाठी. तुह्या बापाची."

वासुदेवनं फ्रिजाकडे पाहिलं. अन्नपूर्णा भिंतीला टेकून म्हणाली, "मी म्हटलं त्याहिले. माह्यावर घ्या. आईच्या जिवाले काय वाटते, तुमाले आता समजन." ते खरंही होतं. नलूला ते समजत होतं आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. पण तिचा राग अन्नपूर्णेवर फार वेळ टिकेना. ती परक्या घरची. कुंपणानंच शेत खाल्लं तिथं वाटसरूला काय बोलायचं?

ती मायकडे वळली. "अन् तू? तू त आई होती न माही बी."

मायचे डोळे भरले होते. पण तिनं घास गुड्डूच्या तोंडात घातला, मग बोलली. "मी कोनाकोनाले पाहू, बाई? याच घरात राह्याचं हाय मले. तुही माया नाई काय? पन तूच पाय न. कुठून कोनता रोग घेऊन आली तू सासरहून, अन् आमच्या घरात लहान लेकरू. भेव वाटनार नाई त काय? आमच्या घरान्यात नोता बाई असा रोग. कोनालेच नोता."

मनातली ती गाठ नलूनं इतके महिने घट्ट धरून ठेवली होती. चंद्रभानला सांगितली नव्हती. बाळंतपणाच्या कळांतही तोंडून जाऊ दिली नव्हती. ती सोडायची असं ठरवून ती आली नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. सुटली ती अशी.

"सासरचा नोहे, मा," ती म्हणाली. "तुह्याच घरचा हाय. तुह्यापासून आला माह्यात, मी जनमली तवा. डॉक्टरीनबाई म्हने, मायले आन, तिच्या रक्तात असन. भावाले बी आन म्हने. मी नाई आनलं. तुले वेगळा गिलास लागन म्हनून नाई आनलं."

मायचा घास धरलेला हात तसाच राहिला. बाहेर ऑटोवाल्यानं एकदा भोंगा वाजवला.

अन्नपूर्णा भिंतीपासून निघाली. तिनं मायच्या मांडीतून गुड्डूला उचललं आणि पदरानं त्याच्या तोंडाला लागलेला भात पुसला. गुड्डू रडायला लागलं, तेव्हा वासुदेवनं उठून त्याला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. अन्नपूर्णेनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग लेकराला आणखी छातीशी धरून ती एक पाऊल मागं सरकली. वासुदेवचे हात बराच वेळ तसेच पुढं राहिले.

नलूला वाटलं होतं, कधी ना कधी हे बोलून टाकलं तर जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. तिनं पेटी उचलली. अवघडलेल्या अंगानं एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातानं छातीशी मुलगी घेऊन ती उंबऱ्यापाशी आली, तेव्हा माय उठताना दिसली. दारापर्यंत येईल, पोरीच्या तोंडावरून हात फिरवेल, असं नलूला वाटलं. फिरवू द्यायचा, असंही तिनं ठरवलं.

माय दाराकडे आली नाही. ती हात धुऊन माठाकडे गेली. फळीवर सगळे गिलास उपडे घातलेले होते. तिनं एक उचलून बूड पाहिलं आणि परत ठेवला. दुसरा पाहिला. तिसऱ्याला लाल ठिपका होता. तो तिनं माठात बुडवला नाही, ओगराळ्यानं वरून पाणी घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून प्यायली.

नलू पायऱ्या उतरली. चंद्रभाननं पेटी घेतली आणि विचारलं, "काय म्हने?"

"काई नाई," ती म्हणाली. "चला."